दोन छोटे ॲम्प्लिफायर लावले तर आवाज दुप्पट होतो का? क्लास डी आणि बायॲम्पिंगचं गणित समजून घ्या

तळहातावर मावेल एवढा ॲम्प्लिफायर आणि त्याच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, '३०० वॉट × २'. लॅपटॉपसारखा ॲडॉप्टर लावायचा, स्पीकरच्या वायरी जोडायच्या, मोबाईल कनेक्ट करायचा, की झालं काम. फोसी ऑडिओ, आयिमा अशा चिनी कंपन्यांचे हे छोटे डबे आता भारतातही ऑनलाइन सहज मिळतात. घरात जुने पण चांगले स्पीकर पडून असतील, तर त्यांना पुन्हा वाजतं करण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

पण एकदा डबा आणला की लक्ष स्पीकरच्या पाठीमागे जातं. काही स्पीकरना तिथे दोन नाही, चार टर्मिनल असतात. थोडी शोधाशोध केली की 'बायॲम्पिंग' हा शब्द सापडतो. एका स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर चॅनेल जोडायची, म्हणजे ताकद दुप्पट, असं सांगितलं जातं. मग विचार येतो, छोटाच तर डबा आहे, अजून एक मागवू.

थांबा. दुसरा डबा मागवण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे: तुमच्या सिस्टिममध्ये क्रॉसओव्हर ॲम्प्लिफायरच्या आधी आहे की नंतर? या उत्तरावर बाकी सगळं ठरतं. दुसरा ॲम्प घ्यायचा की नाही, कोणता घ्यायचा, किती वॉटचा घ्यायचा आणि तो जोडताना काय जळू शकतं, हेसुद्धा.

क्रॉसओव्हर म्हणजे काय?

साध्या टू-वे स्पीकरच्या खोक्यात दोन कलाकार असतात. मोठा वूफर ढोलकी, तबल्याचा डग्गा, बेस गिटार असे जाड आणि मधले आवाज काढतो. छोटा ट्विटर झांज, टाळ, 'स' आणि 'श' यांसारखे बारीक आवाज काढतो. ट्विटरला जाड आवाज पाठवले तर तो जळू शकतो. म्हणून दोघांना आपापला वाटा वाटून देणारं एक सर्किट लागतं. तेच क्रॉसओव्हर. बहुतेक टू-वे स्पीकरमध्ये ही वाटणी २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास होते.

नेहमीच्या स्पीकरमध्ये हा क्रॉसओव्हर खोक्याच्या आत असतो. कॉइल, कॅपॅसिटर आणि रेझिस्टर यांचा तो बनलेला असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. म्हणून त्याला पॅसिव्ह क्रॉसओव्हर म्हणतात. ॲम्प्लिफायर पूर्ण आवाज पाठवतो आणि वाटणी नंतर होते.

ज्या स्पीकरला चार टर्मिनल असतात, तिथे क्रॉसओव्हरचे दोन भाग वेगळे करून बाहेर काढलेले असतात. वरची जोडी ट्विटरची, खालची वूफरची. दोन्ही जोड्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. या पट्ट्या काढल्या की दोन भागांना दोन वेगळे ॲम्प लावता येतात. याला पॅसिव्ह बायॲम्पिंग म्हणतात.

मग ताकद दुप्पट का होत नाही?

यासाठी इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. नळाला किती जोरात पाणी येणार, हे टाकी किती उंचीवर आहे यावर ठरतं. आता गच्चीवर त्याच उंचीची दुसरी टाकी बसवली आणि एका टाकीचा पाइप स्वयंपाकघराला, दुसरीचा बाथरूमला दिला, तर काय होईल? स्वयंपाकघरातल्या नळाचा जोर वाढणार नाही. फायदा एवढाच, की बाथरूमचा नळ सोडला म्हणून स्वयंपाकघरातली धार बारीक होणार नाही.

ॲम्प्लिफायरमध्ये टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज आणि पाइपातून वाहणारं पाणी म्हणजे करंट. पॅसिव्ह बायॲम्पिंगमध्ये दोन्ही ॲम्पना पूर्ण गाणंच मिळतं, कारण वाटणी त्यांच्यानंतर होते. ट्विटरला जोडलेल्या ॲम्पलाही ढोलाच्या ठोक्याचं पूर्ण व्होल्टेज तयार करावं लागतं, जरी तो ठोका पुढे ट्विटरपर्यंत पोहोचत नसला तरी. त्यामुळे एकटा ॲम्प ज्या आवाजाला फाटायला लागतो, जवळपास त्याच आवाजाला दोन्ही ॲम्प फाटतात. कागदावर वॉटची बेरीज होते, कानाला ती ऐकू येत नाही.

करंटचा भार वाटला जातो, हे खरं. तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील आणि ॲडॉप्टर छोटा असेल, तर दुसऱ्या डब्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या ॲडॉप्टरचा उपयोग होतो. पण तो फायदा याहून सोप्या मार्गानंही मिळतो. त्याकडे आपण येऊच.

क्रॉसओव्हर आधी आला की खेळ बदलतो

गणेशोत्सवात किंवा मोठ्या कार्यक्रमात साउंडवाल्यांचा रॅक कधी जवळून पाहिला असेल, तर ॲम्प्लिफायरच्या वर एक सपाट डबा दिसतो. मिक्सरमधून आलेला आवाज आधी त्या डब्यात जातो. तिथे त्याचे जाड, मधले आणि बारीक असे भाग होतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या ॲम्पला जातो. हा ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर. इथे वाटणी ॲम्पच्या आधी होते, म्हणून ट्विटरच्या ॲम्पला ढोल दिसतच नाही.

याचे फायदे खरे आहेत. जाड आवाजाला वूफरचा ॲम्प क्षणभर फाटला, तरी ट्विटरचा ॲम्प स्वच्छ वाजत राहतो. ॲम्प आणि वूफर यांच्यामध्ये कॉइल उरत नाही, त्यामुळे वूफरवरचा ताबा वाढतो. वाटणी कोणत्या फ्रिक्वेन्सीला आणि किती तीव्र उताराची असावी, हे हवं तसं ठरवता येतं. आज सर्वाधिक वापरली जाणारी लिंकविट्झ-रायली ही क्रॉसओव्हरची रचना १९७६ मध्ये झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी मांडली. रस रायली हे त्यांचे हेवलेट-पॅकार्डमधले सहकारी. पूर्वी यासाठी सर्किट बांधावं लागायचं. आता मिनीडीएसपी २×४ एचडीसारख्या छोट्या डब्यात हे काम सॉफ्टवेअरनं होतं.

किंमतही मोजावी लागते. खरं ॲक्टिव्ह बायॲम्पिंग करायचं तर स्पीकर उघडून आतला क्रॉसओव्हर बाजूला काढावा लागतो. वॉरंटी जाते. शिवाय कंपनीनं त्या क्रॉसओव्हरमध्ये फक्त वाटणी केलेली नसते, वूफर आणि ट्विटर यांच्या आवाजातला चढउतारही तिथेच सरळ केलेला असतो. ते सगळं पुन्हा करायचं तर मोजमापाचा मायक्रोफोन आणि बरेच शनिवार-रविवार लागतात. हौस असेल तर यासारखा अभ्यास नाही. नुसता 'जरा चांगला आवाज' हवा असेल, तर हा रस्ता लांबचा आहे.

क्लास डी मधला 'डी' डिजिटलचा नाही

ॲम्प्लिफायरचे ए, बी, सी असे वर्ग आधी होते, पुढचं अक्षर डी. नावामागे एवढंच आहे. फरक कामाच्या पद्धतीत आहे. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर अर्धवट उघडलेल्या नळासारखा असतो. हवा तेवढाच प्रवाह सोडायचा तर उरलेली ऊर्जा अडवावी लागते आणि ती उष्णता बनते. म्हणून मोठा हीटसिंक, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि बारा किलोचं धूड. क्लास बी पद्धतीची कार्यक्षमता गणितानुसारही ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही.

क्लास डीमधले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण उघडे असतात किंवा पूर्ण बंद. आजच्या चिपमध्ये ही उघडझाप सेकंदाला चार ते सहा लाख वेळा होते. किती वेळ उघडा आणि किती वेळ बंद, यात आवाजाची लाट दडलेली असते. शेवटी एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर ही उघडझाप गाळून टाकतात आणि स्पीकरला फक्त गाणं मिळतं. मध्येच अडवलेली ऊर्जा फारशी नसल्यामुळे कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. डबा छोटा राहतो तो यामुळे.

कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं १९६४ मध्येच एक्स-१० नावाचं क्लास डी किट विकायला काढलं होतं, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाला पुरे पडले नाहीत. २००० नंतर अमेरिकेतल्या ट्रायपाथ कंपनीच्या टीए२०२४ चिपमुळे स्वस्त छोटे ॲम्प हौशी लोकांपर्यंत पोहोचले. आज या डब्यांमध्ये बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिप असतात. कमी ताकदीच्या डब्यात टीपीए३११६, जास्त ताकदीच्या डब्यात टीपीए३२५५. फोसीचा व्ही३ आणि आयिमाचा ए०७ हे दोन्ही लोकप्रिय डबे टीपीए३२५५ वरच चालतात.

'३०० वॉट' कुठून येतात?

नव्वदच्या दशकातले टेप आणि कॉम्प्युटरचे स्पीकर आठवत असतील, तर 'पीएमपीओ' हा शब्दही आठवेल. मुठीएवढ्या स्पीकरवर १००० वॉट पीएमपीओ लिहिलेलं असायचं. अशा आकड्यांना चाप लावायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्येच नियम केला होता. २०२४ मध्ये तो सुधारून आणखी कडक केला. ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्यापेक्षा कमी विकृती, अशा समान अटींवर वॉट मोजायचे, हा त्याचा गाभा.

टीपीए३२५५ चिपच्या माहितीपत्रकात ३१५ वॉटचा आकडा खरंच आहे. पण तो ४ ओहमच्या भारावर आणि १० टक्के विकृतीला. १० टक्के विकृती म्हणजे आवाज चांगलाच फाटलेला. त्याच पत्रकात १ टक्का विकृतीला आकडा २६० वॉट आहे. आणि दोन्ही आकड्यांसाठी चिपला ५० व्होल्टच्या आसपास वीज हवी. तुमच्या डब्याबरोबर आलेला ॲडॉप्टर किती व्होल्टचा आहे?

हे गणित घरीच करता येतं. ॲडॉप्टरच्या व्होल्टचा वर्ग करा आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनं भागा. प्रत्येक चॅनेलची जास्तीत जास्त स्वच्छ ताकद साधारण तेवढी, प्रत्यक्षात थोडी कमीच.

३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर घेऊ:

- ८ ओहमच्या स्पीकरला: १०२४ भागिले १६, म्हणजे ६४ वॉट.
- ४ ओहमच्या स्पीकरला: १०२४ भागिले ८, म्हणजे १२८ वॉट.
- पण ॲडॉप्टरची एकूण क्षमता ३२ × ५, म्हणजे १६० वॉट. दोन्ही चॅनेलना एकाच वेळी १२८ वॉट तो सतत देऊ शकत नाही.

आता ४८ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॉप्टर:

- ८ ओहमला: २३०४ भागिले १६, म्हणजे १४४ वॉट.
- ४ ओहमला: २८८ वॉट, पण ॲडॉप्टरची एकूण क्षमता २४० वॉट.

८ ओहमच्या स्पीकरसाठी ६४ वरून १४४ वॉट म्हणजे साधारण साडेतीन डेसिबलची वाढ. टाकीची उंची वाढली, म्हणून नळाचा जोर वाढला. दुसरा डबा लावून पॅसिव्ह बायॲम्पिंग केलं असतं, तर ही उंची तेवढीच राहिली असती. मघाशी म्हटलेला सोपा मार्ग तो हा: ताकद कमी पडत असेल तर आधी ॲडॉप्टर बघा. फोसी व्ही३ दोन्ही ॲडॉप्टरच्या पर्यायांसह विकला जातो. मात्र कोणताही डबा ४८ व्होल्टला चालेलच असं नाही. चिप ५३.५ व्होल्टपर्यंत चालते म्हणून आतले कॅपॅसिटर तेवढं सहन करतील असं समजू नका. कंपनीनं डब्यासाठी सांगितलेली मर्यादाच पाळा.

तुम्हाला खरोखर किती वॉट लागतात?

स्पीकरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' हा आकडा असतो. समजा तो ८६ डेसिबल आहे. म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. घरातल्या खोलीत दोन स्पीकर आणि अडीच-तीन मीटरवर सोफा, असं धरलं तर कानापाशी साधारण ८१-८२ डेसिबल पोहोचतात. वॉट दहापट केले की १० डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज ढोबळमानानं दुप्पट वाटतो. वॉट नुसते दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढाच फरक पडतो.

आता ७२ डेसिबलच्या सरासरीनं गाणी ऐकायची, तर स्पीकरला लागतो ०.१ वॉट. गाण्यातले अचानक येणारे ठोके सरासरीपेक्षा २० डेसिबलनं वर गेले, तरी १० वॉट पुरतात. सरासरी ८२ डेसिबल ठेवली, तर त्याच ठोक्यांसाठी १०० वॉट हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. शेजारी काय म्हणतील, तो आणखी वेगळा मुद्दा.

म्हणजे बहुतेक फ्लॅटमध्ये एकच छोटा क्लास डी ॲम्प पुरेसा आहे. मोठा हॉल, लांब बसण्याची जागा किंवा ८३-८४ डेसिबलचे स्पीकर असतील, तरच ताकदीचा प्रश्न गंभीर होतो.

तरीही बायॲम्पिंग करायचं आहे? मग ॲम्प निवडताना हे बघा

१. दोन्ही ॲम्प एकाच मॉडेलचे घ्या. ॲम्प आवाज किती पटीनं वाढवतो, त्याला गेन म्हणतात. टीपीए३११६ चा गेन डब्याच्या रचनेनुसार २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल असू शकतो. टीपीए३२५५ चिपचा स्वतःचा गेन २१.५ डेसिबल आहे. वूफरला एक आणि ट्विटरला दुसरा डबा लावला आणि त्यांच्यात ५-६ डेसिबलचा फरक पडला, तर गाणं एक तर कर्कश होतं किंवा रजई टाकल्यासारखं दबतं. ॲक्टिव्ह पद्धतीत हा फरक क्रॉसओव्हरमध्ये दुरुस्त करता येतो. पॅसिव्हमध्ये फक्त व्हॉल्यूमच्या बटणांचा अंदाज उरतो.

२. पॅसिव्ह पद्धतीत दोन्ही ॲम्प सारख्याच ताकदीचे लागतात, कारण दोघांनाही पूर्ण व्होल्टेज द्यायचं असतं. ॲक्टिव्ह पद्धतीत तसं नाही. गाण्यातली बहुतांश ताकद जाड आणि मधल्या आवाजांना लागते, त्यामुळे ट्विटरला लहान ॲम्प चालतो. तिथे वॉटपेक्षा शांतता महत्त्वाची. ट्विटर थेट ॲम्पला जोडला की ॲम्पची 'स्स्स' अशी बारीक सळसळ थेट कानावर येते. कमी गेनचा आणि कमी नॉइजचा ॲम्प ट्विटरला द्या.

३. प्रत्येक स्पीकरला एक पूर्ण स्टिरिओ ॲम्प द्या. एक चॅनेल वूफरला, एक ट्विटरला. याला व्हर्टिकल बायॲम्पिंग म्हणतात. यात दोन्ही ॲडॉप्टरवर सारखा भार येतो. सगळे वूफर एका डब्यावर टाकले, तर तो ॲडॉप्टर धापा टाकतो आणि दुसरा रिकामा बसतो.

४. 'पीएफएफबी' हा शब्द शोधा. क्लास डीच्या शेवटी असलेला फिल्टर आणि स्पीकर यांचं एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं असतं. स्वस्त डब्यांमध्ये चूक दुरुस्त करणारी यंत्रणा फिल्टरच्या आधीच्या आवाजावर लक्ष ठेवते. त्यामुळे स्पीकरच्या ओहमनुसार अगदी बारीक आवाज थोडा वर किंवा खाली जातो. पीएफएफबी असलेल्या डब्यात ही नजर फिल्टरच्या पुढे असते आणि आवाज स्पीकर बदलला तरी सरळ राहतो. ब्रूनो पुत्झेस यांच्या हायपेक्स आणि प्युरिफाय मॉड्यूल्सचा दबदबा याच तत्त्वावर उभा आहे. हा परिणाम बारीक आवाजातच दिसत असल्यामुळे त्याची गरज ट्विटरच्या ॲम्पला जास्त, वूफरच्या ॲम्पला कमी.

५. दोन ॲम्पना वेगवेगळं ब्लूटूथ जोडू नका. एकच स्रोत घ्या आणि त्यातून दोघांना वायरीनं सिग्नल द्या. २५०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत सुमारे १४ सेंटीमीटर लांब असते. दोन ॲम्पमध्ये सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाचा फरक पडला, तरी वूफर आणि ट्विटर तिथे एकमेकांचा आवाज खोडून काढतात. आत डिजिटल प्रोसेसिंग करणारा ॲम्प आणि साधा ॲम्प यांची जोडी याच कारणानं जमत नाही.

६. आपोआप झोपणारे ॲम्प टाळा, किंवा ती सोय बंद करता येते का ते बघा. ॲक्टिव्ह पद्धतीत ट्विटरच्या ॲम्पला संथ गाण्यात फारसं काही ऐकू येत नाही, त्यामुळे तो मध्येच झोपण्याची शक्यता असते. बेस-ट्रेबलची बटणं असतील, तर ती पूर्ण बायपास करता यायला हवीत.

७. ॲडॉप्टरवर बीआयएसची नोंदणी खूण आणि 'आर-'नं सुरू होणारा क्रमांक आहे का ते तपासा. तासन्‌तास २३० व्होल्टवर चालणारी हीच वस्तू आहे. डब्याच्या रंगापेक्षा तिच्याकडे जास्त लक्ष द्या.

जोडताना सगळ्यात महागात पडणारी चूक

ही गोष्ट नीट वाचा. टीपीए३२५५ आणि टीपीए३११६ वर चालणारे हे छोटे स्टिरिओ डबे बहुधा 'ब्रिज' पद्धतीचे असतात. म्हणजे स्पीकरच्या लाल आणि काळ्या, दोन्ही टोकांना चिप स्वतः व्होल्टेज देते. जुन्या ॲम्पमध्ये काळं टर्मिनल सहसा ग्राउंड असायचं. इथे ते ग्राउंड नाही.

त्यामुळे बायॲम्पिंग करताना स्पीकरमागच्या लाल आणि काळ्या, दोन्ही जंपर पट्ट्या काढायच्या. 'काळी राहिली तरी चालते' हा जुना सल्ला इथे लागू नाही. एक पट्टी जरी राहिली, तरी दोन चॅनेलची आउटपुट एकमेकांना भिडतात. चिपमधलं संरक्षण चाललं तर डबा बंद पडतो, नाही चाललं तर जळतो.

पट्ट्या काढल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून वरचं आणि खालचं काळं टर्मिनल तपासा, मग लाल. बीप वाजली, तर स्पीकरच्या आत ती जोडलेली आहेत. अशा स्पीकरला हे ॲम्प बायॲम्पिंगसाठी लावू नका. मल्टिमीटर नसेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत कुठेही मिळेल. नव्या ॲम्पच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही.

ॲक्टिव्ह पद्धतीत ट्विटर थेट ॲम्पला जोडताना मध्ये एक चांगला कॅपॅसिटर ठेवा. ८ ओहमच्या ट्विटरला ४७ मायक्रोफॅरड लावला, तर सुमारे ४२० हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू अडतं. ॲम्प चालू करतानाचा 'धप्प' आवाज किंवा चुकून आलेला बेस ट्विटरपर्यंत पूर्ण ताकदीनं पोहोचत नाही. पहिल्यांदा चालू करताना आवाज अगदी कमी ठेवा आणि कोणत्या वायरीत कोणता आवाज येतोय, हे आधी एखाद्या टाकाऊ स्पीकरवर ऐकून घ्या. वायर उलटी लागली तर ट्विटर एका ठोक्यात जाऊ शकतो.

मग पैसे कुठे घालायचे?

स्पीकर उघडायचा नसेल आणि फक्त जंपर काढून दुसरा डबा लावायचा विचार असेल, तर दुसरा डबा घेऊ नका. त्या पैशात एकच चांगला ॲम्प घ्या. पीएफएफबी असलेला, पुरेशा व्होल्टच्या आणि दर्जेदार ॲडॉप्टरचा. फरक जास्त ऐकू येईल.

जास्त दणका हवा असेल, तर स्वतःचा ॲम्प असलेला सबवूफर घ्या आणि ८० हर्ट्झच्या खालचा आवाज मुख्य ॲम्पला जाण्याआधीच कापून घ्या. ही सोय काही ॲम्पमध्ये, होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये किंवा क्रॉसओव्हरच्या छोट्या डब्यात मिळते. नाव वेगळं असलं तरी हे ॲक्टिव्ह बायॲम्पिंगच आहे, कारण वाटणी ॲम्पच्या आधी होते. सगळ्यात जास्त ताकद खाणारा जाड आवाज छोट्या ॲम्पच्या आणि छोट्या वूफरच्या डोक्यावरून उतरतो, आणि स्पीकरचा एकही स्क्रू काढावा लागत नाही.

आणि स्वतः स्पीकर बांधायची हौस असेल, मोजमाप करायची तयारी असेल, तर क्लास डीइतका सोयीचा साथीदार नाही. पूर्वी चार चॅनेलसाठी अर्धं कपाट लागायचं, आज दोन डबे पुस्तकांच्या फळीवर मावतात. फक्त खरेदीची यादी करताना पहिल्या ओळीत क्रॉसओव्हर लिहा, ॲम्प्लिफायर दुसऱ्या.